अलाबामात शहराला स्वतंत्र शाळाव्यवस्था कशी सुरू करता येते? पात्रता, कागदपत्रे आणि कोर्टाची अट

अमेरिकेत घर शोधणारी मराठी कुटुंबे स्वयंपाकघराआधी स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे घर कोणत्या सरकारी शाळांच्या हद्दीत येते ते, विचारतात. अलाबामात मात्र या डिस्ट्रिक्टची हद्द बदलू शकते. काउंटीच्या शाळांतून बाहेर पडून शहर स्वतःची सरकारी शाळाव्यवस्था काढू शकते. जिल्हा परिषदेच्या शाळा नगरपालिकेने आपल्या ताब्यात घ्याव्यात, साधारण तसे.

पात्रता

केंद्रीय जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या किमान 5,000 हवी. पाइक रोडने 2010 च्या जनगणनेत हा आकडा ओलांडला आणि 2015 मध्ये माँटगोमेरी काउंटीपासून वेगळी शाळा सुरू केली. शेजारच्या टेनेसीत निकष वेगळा आहे: तिथे किमान 1,500 विद्यार्थी आणि मतदारांचा कौल लागतो.

ठराव, कर आणि करार

सुरुवात नगर परिषदेच्या ठरावाने होते. परिषद पाच सदस्यांचे शिक्षण मंडळ नेमते. सदस्य शहराचेच रहिवासी हवेत आणि नगरसेवकाला त्यात बसता येत नाही.

पुढचा प्रश्न पैशाचा. राज्याच्या फाउंडेशन प्रोग्रॅममधून निधी मिळवायचा तर 10 मिल मालमत्ता कराइतका स्थानिक वाटा उभा करावा लागतो. एक मिल म्हणजे करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरला एक डॉलर. स्वतः राहत असलेल्या घराचे करपात्र मूल्य बाजारभावाच्या 10 टक्के धरतात. म्हणजे 3 लाख डॉलरच्या घरावर 10 मिलचे वर्षाला 300 डॉलर, सवलती वगळून. नवा कर लावायचा असेल तर मतदानाच्या निकालाची कागदपत्रेही फाइलमध्ये लागतात.

सगळ्यात किचकट कागद म्हणजे काउंटी मंडळाशी होणारा विभक्तीकरणाचा करार. इमारती कोणाकडे, त्यांवरचे कर्ज कोण फेडणार, शिक्षकांचे काय, आणि शहराच्या हद्दीबाहेर राहून याच शाळांत येणारी मुले पुढे कुठे जाणार, हे सगळे त्यात लिहावे लागते. ही शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच घाईत उरकली जाते. एकमत झाले नाही तर वाद राज्याच्या शिक्षण अधीक्षकांकडे जातो.

कोर्टाचा आदेश असेल तर

काउंटीवर वर्णभेद निर्मूलनाचा, म्हणजे कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या शाळांतला भेद संपवण्याचा, जुना आदेश लागू असेल, तर वरचे सगळे कागद पूर्ण असूनही पुरत नाहीत. फेडरल कोर्टाची परवानगी लागते. व्हर्जिनियातील एम्पोरिया शहराच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1972 मध्ये तत्त्व घालून दिले: वेगळे होण्याने काउंटीतील वर्णभेद संपवण्याच्या कामात अडथळा येत असेल, तर कोर्ट ते रोखू शकते. अडथळा येणार नाही हे दाखवण्याची जबाबदारी शहराची.

बर्मिंगहॅमजवळच्या गार्डनडेलचे प्रकरण यासाठी जरूर अभ्यासावे. हे शहर ज्या जेफरसन काउंटीत आहे, तिच्यावरचा मूळ खटला 1965 चा. गार्डनडेलने कर मंजूर केला, 2014 मध्ये मंडळही नेमले. पण कोर्टाच्या आदेशामुळे नॉर्थ स्मिथफील्ड या कृष्णवर्णीय वस्तीतील मुले गार्डनडेलच्या शाळांत येत होती, आणि वेगळे होण्यामागे वंश हा हेतू असल्याचा निष्कर्ष न्यायाधीश मॅडलिन हायकाला यांनी 2017 मध्ये काढला. समर्थकांच्या फेसबुकवरील पोस्टसुद्धा पुरावा म्हणून पुढे आल्या. तरीही हायकाला यांनी गार्डनडेलला दोन प्राथमिक शाळा अटींवर देऊ केल्या. फेब्रुवारी 2018 मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील कोर्टाने तीही परवानगी रद्द केली. मला अपील कोर्टाचाच निर्णय योग्य वाटतो. भेदाचा हेतू सिद्ध झाल्यावर अर्ध्या परवानगीला आधार उरत नाही, आणि किंमत त्या वस्तीतल्या मुलांनी मोजली असती. गार्डनडेलला दार मात्र कायमचे बंद केलेले नाही. हेतू वैध असेल आणि काउंटीच्या कामात अडथळा येणार नाही हे सिद्ध करता आले, तर पुन्हा मागणी करता येते.

हंट्सव्हिल किंवा बर्मिंगहॅम परिसरात घर घेणार असाल आणि वेगळ्या शाळांची चर्चा कानावर आली, तर एजंटच्या शब्दावर थांबू नका. नगर परिषदेचा ठराव झाला आहे का, काउंटीशी करार सहीनिशी झाला आहे का, आणि काउंटीवर कोर्टाचा आदेश अजून चालू आहे का, हे तिन्ही सही करण्याआधी तपासा. तुमच्या घराचा पत्ता शहराच्या हद्दीत आहे की फक्त टपालाच्या पत्त्यात शहराचे नाव आहे, हेही नकाशावर पाहून घ्या. टपालाचा पत्ता शाळा ठरवत नाही.