पार्श्वभूमी : आयझाक खोऱ्यातला घाणा, पायवाट आणि पाटी

ऑक्टोबर उजाडला की उत्तर इटलीतल्या, मुख्यतः जर्मनभाषक दक्षिण टिरोल प्रांताच्या आयझाक खोऱ्यात 'ट्योर्गेलन'च्या सहली सुरू होतात. दिवसा चेस्टनटच्या बनांतून उतारावर चालायचं, संध्याकाळी एखाद्या शेतघराच्या लाकडी तक्तपोशीच्या खोलीत बसून जेवायचं, वर यंदाची ताजी वाइन आणि भाजलेले चेस्टनट. नोव्हेंबरअखेर, नाताळाआधीचे उपासाचे आठवडे लागेपर्यंत हे चालतं. जाहिरातींत याला 'शतकांची परंपरा' म्हणतात. परंपरा जुनी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आज तिकीट काढून अनुभवायला मिळते ती गेल्या पन्नासेक वर्षांत घडलेली आहे, आणि तिच्या पोटात जो झगडा आहे तो जेवणाचा नाही, वाटेवरच्या पाट्यांचा आहे.

आधी शब्द. 'टॉर्गल' म्हणजे द्राक्षं पिळायचा लाकडी घाणा. मूळ लॅटिन 'टॉर्कुलुम', पिळणे या अर्थाच्या धातूवरून आलेला. ट्योर्गेलन म्हणजे घाण्यापाशी जमणं, एवढंच. 'टॉर्केल्न' म्हणजे झोकांड्या खाणे, त्यावरून हा शब्द आला असंही गमतीनं सांगतात आणि जाणकार ते उडवून लावतात. पण जर्मन कोश उघडला तर झोकांड्यांचा शब्दही त्याच घाण्यापासून आल्याचं दिसतं. घाण्याचा दांडा जसा हेलकावत फिरतो तसं चालणं. म्हणजे थट्टा आडवाटेनं का होईना, खरीच निघते.

घाण्यापाशी मूळ कोण जमायचं, याच्या दोन हकिकती आहेत. एक अशी की खानावळवाले आणि व्यापारी सौदा ठरवण्याआधी ताजा रस चाखायला शेतोशेत फिरत. दुसरी अशी की वरच्या कुरणांचे मालक उन्हाळ्यात खालच्या द्राक्षवाल्यांची गुरं चरायला ठेवून घेत आणि त्याची परतफेड म्हणून शरदात त्यांना तळघरात बोलावणं येई. दोन्ही खऱ्या असायला हरकत नाही. दोन्हींत चालणं हा कार्यक्रम नव्हता. उतारावरच्या शेतांना रस्ताच नव्हता, पायांवाचून इलाज नव्हता. आजच्या माहितीपत्रकात 'निसर्गरम्य पदभ्रमण' म्हणून छापलेल्या वाटा म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात मीठ, वासरं आणि नवरी नेण्याच्या वाटा. ब्रिक्सनजवळून बोल्झानोच्या दिशेनं जाणारी साठेक किलोमीटरची 'केश्टनवेग', म्हणजे चेस्टनटची वाट, अशाच तुकड्यांना जोडून झालेली आहे. वाट जुनी, नाव नवं.

फार मागे जायचं तर रोमन आले, द्राक्षवेल आणि चेस्टनट पसरला, ब्रिक्सनला बिशपांचं राज्य झालं, ११४२ मध्ये शेजारी नोयश्टिफ्टचा मठ उभा राहिला आणि मठाची वाइन आजही बाजारात आहे. १७८४ मध्ये व्हिएन्नाच्या सम्राटानं फर्मान काढलं की आपल्या शेतात पिकलेलं अन्न आणि वाइन शेतकऱ्यानं खुशाल विकावी. दारावर हिरवी डहाळी टांगली की 'आज आत मिळेल' हे कळायचं. शेतघरातल्या विक्रीचं मूळ सांगताना हेच फर्मान पुढे केलं जातं. १८६७ मध्ये ब्रेनर खिंडीतून रेल्वे गेली आणि उत्तरेकडचे हवापालटवाले उतरू लागले. चेस्टनट मात्र तेव्हाही चैनीचा नव्हता; धान्य कमी पडलं की त्याचं पीठ करत आणि त्याच लाकडाचे खांब द्राक्षाच्या मांडवांना लावत.

ही शेतघरं टिकली याचं कारण प्रेम वगैरे नाही, वारसाहक्काचा कायदा आहे. 'बंद शेत' म्हणजे घर, गोठा, शेत, रान सगळं मिळून एक आणि ते एकाच वारसाकडे. बाकीच्या भावंडांना मोबदला. १९२९ मध्ये इटलीनं ही पद्धत मोडीत काढली, १९५४ मध्ये प्रांतानं परत आणली. वाटण्यांत बांधांचे बांध झालेली शेतं आपण पाहिलेली असतात, त्यामुळे सहाशे-सातशे मीटर उंचीवर अख्खंच्या अख्खं उभं असलेलं शेत पाहून नवल वाटतं. धाकट्यांच्या वाट्याला काय आलं, हे माहितीपत्रकात नसतं. पुष्कळांच्या वाट्याला गडीकाम आलं. पन्नास-साठच्या दशकांत अनेकांनी जर्मनी आणि स्वित्झर्लंडची वाट धरली.

जेवणाचा क्रम ठरलेला: जवाचं सूप, मग 'श्लुट्सक्राप्फन', म्हणजे पालक आणि ताज्या चीजचं सारण भरलेल्या, उकडलेल्या आणि वर लोणी सोडलेल्या करंज्या. त्यामागून खारवलेलं डुकराचं मांस, सॉसेजं, आंबवलेला कोबी; शेवटी खसखस किंवा जर्दाळूच्या सारणाचे तळलेले क्राप्फन. डुकरं थंडीच्या तोंडावरच कापत, म्हणून हे ताट शरदाचं. सोबतीला राईची कडकडीत चपटी भाकरी, 'श्युटलब्रोट'. पीठ फळीवर घेऊन हलवत हलवत पसरवतात, म्हणून नाव 'हलवलेली'. वर्षातून मोजक्याच वेळा भट्टी पेटायची, म्हणून महिनोन्‌महिने टिकणारी. तिच्यात जो वास येतो तो आपल्याला ओळखीचा वाटतो, कारण तिच्यातली पूड मेथीच्याच कुळातल्या निळ्या फुलांच्या झाडाची असते.

चेस्टनट शेवटी येतात. भाजलेले, काळे पडलेले दाणे 'केश्टनरिगल' नावाच्या लांबट टोपलीत घालतात. टोपली लाकडाच्या पट्ट्यांची, पट्ट्यांमध्ये बोटभर फटी. दोघं दोन टोकांना धरून ती जोरजोरात हलवतात; दाणे पट्ट्यांवर घासून सालं फुटतात आणि फटींतून काळा कचरा अंगणात पडत राहतो. दोन-चार मिनिटांत आत पिवळे, सोललेले दाणे उरतात. वर लोण्याचा गोळा. बोटं काळी होतात ती होतातच. खोलीतली शेगडी मात्र स्वच्छ, कारण तिच्यात लाकडं घालायचं तोंड भिंतीपलीकडे, स्वयंपाकघराच्या बाजूला असतं. पाहुण्याला ऊब मिळते, धूर नाही.

आता पाटी.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या तहानं, ब्रेनरपर्यंतचा मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. नावांचं काम त्याआधीच झालेलं होतं. इटलीच्या राष्ट्रवादी वर्तुळातल्या एका भूगोलवेड्या गृहस्थानं १९१६ मध्ये, मुलूख ताब्यात नसतानाच, दहा हजारांवर इटालियन नावांची यादी छापून टाकली होती. त्याआधी १९०४ मध्ये याच गृहस्थानं सीमेवरच्या एका शिखराला 'वेत्ता दितालिया', इटलीचा माथा, असं नाव दिलं होतं. तेव्हा ते शिखर इटलीत नव्हतंच. फॅसिस्ट सत्ता आल्यावर मार्च १९२३ मध्ये एका फर्मानानं या यादीतली नावं अधिकृत झाली. त्याच वर्षी जर्मनभाषक गिर्यारोहण संघाच्या इथल्या शाखा बंद झाल्या आणि त्यांच्या डोंगरातल्या धर्मशाळा इटालियन संघाला मिळाल्या. वाटेचं नाव आणि वाटेवरचा निवारा एकाच वर्षात हातातून गेला. पाट्यांचं भांडण एवढं हळवं का, हे त्याशिवाय कळत नाही.

यादी बनवायच्या तऱ्हा मजेशीर होत्या. श्टेर्त्सिंगसाठी रोमन काळातलं विपितेनुम उकरून 'विपितेनो' केलं. बार्बियानला फक्त 'ओ' चिकटवून 'बार्बियानो'. मिटेवाल्डचा, म्हणजे मधल्या रानाचा, सरळ तर्जुमा करून 'मेत्सासेल्वा'. पण सगळंच बनावट होतं असं म्हणता येत नाही. ब्रिक्सनचं 'ब्रेस्सानोने' इटालियनांच्या तोंडी आधीपासून होतं. क्लाउझन आणि 'क्यूझा' ही दोन्ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरं, अर्थ 'अडवलेली वाट'. खोरं तिथं खरोखरच आवळतं. बार्बियान हे नावसुद्धा जर्मन वळणाचं नाही, जर्मन भाषा या खोऱ्यात येण्याआधीचं आहे. मोठ्या गावांच्या दोन नावांवर म्हणून फारसं कोणी भांडत नाही. भांडण आहे ते कुरणं, ओढे, टेकाडं आणि एकेकट्या घरांवरून. तिथं यादीवाल्यानं पाय ठेवला नव्हता, ते नाव कोणत्याही इटालियन माणसानं कधी उच्चारलं नव्हतं, आणि तरीही ते सरकारी नकाशात आहे.

दरम्यान १९३९ आलं. रोम आणि बर्लिनच्या करारानुसार जर्मनभाषकांना विचारलं गेलं: जर्मन राइशमध्ये जाता की इथं राहून इटालियन होता? बहुसंख्यांनी जाण्याचा पर्याय निवडला, प्रत्यक्षात सुमारे ७५,००० गेले. घरांघरांत फूट पडली, आणि वरच्या गावांत तो विषय जेवणाच्या टेबलावर अजूनही जपूनच निघतो. १९४६ च्या पॅरिस करारात दोन भाषांतली नावं मान्य झाली, १९४८ मध्ये अपुरी स्वायत्तता मिळाली, जून १९६१ च्या एका रात्री विजेचे डझनावारी मनोरे स्फोटांनी पाडले गेले, आणि १९७२ मध्ये दुसरा, खरा अर्थ असलेला स्वायत्ततेचा कायदा आला. करांतला मोठा हिस्सा प्रांताकडेच राहू लागला. डोंगरातल्या शेतांपर्यंत डांबरी रस्ते गेले ते याच काळात.

पण नावांत एक गाठ राहूनच गेली. त्या कायद्यानुसार नावं दोन्ही भाषांत हवीत, आणि जर्मन नावांना अधिकृत दर्जा द्यायचा तर प्रांतानं त्यासाठी कायदा करायचा. तो कायदा कित्येक दशकं झालाच नाही. म्हणजे कागदोपत्री अधिकृत उरली ती फॅसिस्ट काळातली इटालियन नावं. सत्तर टक्क्यांच्या आसपास लोक जर्मन बोलतात तिथली जर्मन नावं निव्वळ वहिवाटीवर चालली आहेत. हे विचित्र आहे, आणि दोन्ही बाजूंना ते एका परीनं सोयीचंही होतं. कायदा करायचा म्हणजे कोणती इटालियन नावं ठेवायची हेही ठरवावं लागलं असतं.

या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनभाषक गिर्यारोहण संघानं पायवाटांवर नव्या पाट्या लावायला घेतल्या. लाकडी पाट्या, वाटेचा क्रमांक, वेळ, आणि हजारो ठिकाणी नाव एकट्या जर्मनमध्ये. संघाचं म्हणणं साधं होतं: वाटसरूला रस्ता विचारायचा असेल तर लोक बोलतात तेच नाव उपयोगी, कोणालाही ठाऊक नसलेलं नाव डोंगरात नुसतं अडचणीचं नाही, धोक्याचंही आहे. विरोधकांचं म्हणणंही तितकंच साधं: हा इटलीचा भाग आहे, पाट्यांना सार्वजनिक पैसा लागला आहे, कायदा दोन भाषा सांगतो. मला पहिलं म्हणणं अधिक पटतं. पण बोल्झानोत जन्मलेल्या, तिसऱ्या पिढीतल्या इटालियन माणसाला आपल्याच डोंगरात पाहुण्यासारखं वाटावं, हेही काही ठीक नाही.

प्रकरण फिर्यादींपर्यंत गेलं. २०१० मध्ये रोमचा एक मंत्री आणि प्रांताचा प्रमुख यांच्यात समझोता झाला, समिती बसली. एक तोडगा असा की नावातला सामान्य भाग, म्हणजे तळं, कुरण, धर्मशाळा, दोन्ही भाषांत लिहावा. विशेषनामाचं काय ते स्वतंत्र पाहावं. 'ग्र्युनझे'चं काय करायचं मग? ते 'हिरवं तळं' आहे की 'ग्र्युन' नावाचं तळं आहे? प्रत्येक नावाशी हा प्रश्न नव्यानं उभा राहतो. २०१३ मध्ये पुन्हा समझोता. त्याआधी २०१२ मध्ये प्रांतानं एकदाचा नावांचा कायदा केला होता. कोणती नावं खरोखर वापरात आहेत हे भागाभागातून तपासून यादी करायची, असा त्याचा गाभा. रोमनं त्याला घटनात्मक न्यायालयात आव्हान दिलं. निकालाची वाट पाहण्याऐवजी प्रांतानं २०१९ मध्ये आपलाच कायदा रद्द केला. आज केश्टनवेगवर चालताना काही खांबांवर दोन नावं दिसतात, काहींवर एक, आणि शेजारच्या ग्र्योडन खोऱ्याकडे वळलं की तिथली लाडिन भाषा धरून तीन.

पाट्यांचं हे चाललं असताना ट्योर्गेलन मोठा धंदा झाला होता. १९७४ मध्ये ब्रेनरचा महामार्ग पुरा झाला, म्युनिकहून शनिवारी निघून रविवारी परतणं सोपं झालं, आणि बसच्या बस खोऱ्यात उतरू लागल्या. १९८५ च्या राष्ट्रीय कायद्यानं शेतावरच्या पर्यटनाला चौकट दिली. उन्हाळा आणि स्कीइंग यांच्या मधला मोकळा काळ भरून काढायला याहून चांगलं काही नव्हतं. मग जिथं द्राक्षाचा एक वेल नाही अशा खोऱ्यांतली हॉटेलंही 'ट्योर्गेलन संध्या' लावू लागली. आयझाकच्या शेतकऱ्यांची तक्रार योग्यच आहे: घाणा नाही, तळघर नाही, तर कशाचं ट्योर्गेलन? म्हणून 'असली' हा शब्द पुढे जोडणं आलं. असली म्हणजे द्राक्षाच्या पट्ट्यातलं, स्वतःच्या तळघरातल्या वाइनचं. यातही गंमत आहेच, कारण त्या असली घरातसुद्धा जुना लाकडी घाणा आता बहुधा अंगणात फुलझाडांशेजारी ठेवलेला असतो आणि रस काढायचं काम स्टीलचं यंत्र करतं.

कोविडच्या साथीआधी प्रांतात वर्षाला तीन कोटींहून अधिक मुक्कामी रात्री भरत होत्या, लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आतबाहेर. २०२२ मध्ये प्रांतानं पाहुण्यांच्या खाटांच्या संख्येवर मर्यादा घातली. शरदातल्या गर्दीवर तिचा परिणाम मर्यादितच, कारण ट्योर्गेलनला येणारे पुष्कळ जण जेवून रात्रीच परततात.

इटालियन माहितीपत्रकांत क्लाउझनचं क्यूझा होतं, फेल्डथुर्न्सचं वेल्तुर्नो, चेस्टनटच्या वाटेचं 'सेंतिएरो देल कास्तान्यो'. ट्योर्गेलन मात्र तसंच छापलेलं असतं, 'ओ'वरच्या दोन ठिपक्यांसकट. त्याचा इटालियन तर्जुमा करा, अशी मागणी करायला कोणी पुढे आलेलं नाही, आणि तो शब्द मुळात लॅटिनच आहे याची आठवणही कोणी काढत नाही.