हवामानबदल वार्तांकनाचे शिक्षण (कोकण किनारपट्टी)

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना हवामानबदलाची बातमी ओळखायला, तपासायला आणि लिहायला शिकवणे हा या नोंदीचा विषय आहे. विज्ञान-पत्रकारिता, आपत्तीचे वार्तांकन आणि शेती-मासेमारीची बातमीदारी या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र येतात. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर या शिक्षणाला वेगळे वळण मिळते, कारण इथे एकेका नुकसानीला अनेक कारणे चिकटलेली असतात. पूर येतो तेव्हा घाटमाथ्यावर अतिवृष्टी असते, समुद्राला भरती असते, नदीत गाळ साचलेला असतो आणि पूररेषेच्या आत इमारती उभ्या असतात. यात हवामानाचा वाटा किती आणि माणसांनी घेतलेल्या निर्णयांचा किती, हे वेगळे काढून सांगता येणे हेच कोकणातल्या विद्यार्थी-पत्रकाराचे मुख्य कौशल्य मानावे लागते. ते जमले नाही, तर ‘निसर्गाचा कोप’ या दोन शब्दांत सगळ्यांचीच सुटका होते.

पार्श्वभूमी

मराठी वृत्तपत्राची सुरुवात करणारे बाळशास्त्री जांभेकर कोकणातलेच, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ काढले आणि १८४० मध्ये भूगोल-विज्ञानाचे विषय देणारे ‘दिग्दर्शन’ मासिक सुरू केले. कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही त्यांनी पाहिले. वेधशाळेतली नोंद आणि छापखान्यातला मजकूर एकाच माणसाच्या हाताखालून गेल्याचे हे उदाहरण वर्गात आवर्जून सांगण्यासारखे आहे. पुढे या दोन वाटा दूर गेल्या. पत्रकारितेकडे येणारा विद्यार्थी बहुधा कला शाखेचा असतो आणि विज्ञान दहावीनंतर सुटलेले असते.

पर्यावरणाचा विषय शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर सक्तीचा करावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला आणि त्यातून पदवी पातळीवरचा पर्यावरण अभ्यास हा सामायिक पेपर आला. बातमी कशी करायची हे मात्र त्या पेपरात येत नाही. कोकणातली बहुतेक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि माध्यमशिक्षणाचा अभ्यासक्रम मुख्यतः महानगर डोळ्यांसमोर ठेवून आखला जातो. परदेशी अभ्यासातून आलेला एक धडा इथेही उपयोगी पडतो. मॅक्सवेल बॉयकॉफ आणि जूल्स बॉयकॉफ यांनी २००४ मध्ये अमेरिकी दैनिके तपासून दाखवले, की ‘दोन्ही बाजू’ समान जागेत देण्याच्या सवयीमुळे प्रस्थापित विज्ञान वादग्रस्त असल्यासारखे वाचकापुढे गेले. कोकणात तापमानवाढ नाकारणारा माणूस शोधून सापडणार नाही. इथली अडचण नेमकी उलटी आहे : सगळेच सगळ्याचे खापर तापमानवाढीवर फोडायला तयार असतात.

आकड्यांची ओळख

पहिला टप्पा मोजमापाचा. भारतीय हवामानशास्त्र विभाग पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतो. चोवीस तासांत ६४.५ मिमी किंवा त्याहून अधिक पाऊस म्हणजे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ मिमीच्या वर गेला की ‘अत्यंत जोरदार’. कोकणात पावसाळ्यात शंभर मिलिमीटरचा दिवस ही नवलाई नसते. मराठवाड्यात त्याच आकड्याची पहिल्या पानावर बातमी होते. डहाणू, अलिबाग, हर्णै, रत्नागिरी, वेंगुर्ले इथे विभागाची केंद्रे आहेत. आपल्या गावाजवळच्या केंद्राचा दीर्घकालीन सरासरी आकडा विद्यार्थ्याने पाठ केलेला असावा. ‘आजवरचा विक्रमी पाऊस’ हे शब्द लिहिण्याआधी ती नोंद किती वर्षांची आहे, हे विचारण्याची सवय त्यातूनच लागते.

दुसरी गोष्ट कालावधीची. हवामानाची सरासरी साधारण तीस वर्षांची धरतात. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला, म्हणजे ११ जून या सर्वसाधारण तारखेच्या पंधरवडाभर आधी. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मोठी बातमी होती, कारण धूळवाफेची (पावसाआधी कोरड्या मातीत करायची) पेरणी हुकली आणि उन्हात घातलेले मासे भिजले. पण एका वर्षाच्या तारखेवरून ‘मान्सून बदलला’ असे लिहिता येत नाही. तसे लिहायचे तर अनेक दशकांच्या नोंदी हाताशी लागतात आणि त्या उपलब्ध आहेत. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. उष्ण कटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे १ अंशाने चढले. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात दरवर्षी सरासरी ३.३ मिमी वाढत होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये तिपटीने वाढल्या आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पातले चढउतार आहेत. वर्षाला ३.३ मिलिमीटर हा आकडा वाचकाला नगण्य वाटतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात खारबंदिस्तीच्या, म्हणजे खाडीचे खारे पाणी शेतात शिरू न देणाऱ्या बांधाच्या, माथ्याला पाणी लागायला किती इंच उरतात, हे बांधावर उभे राहून पाहिलेला विद्यार्थी तोच आकडा वेगळ्या रीतीने लिहितो.

कारणांची वाटणी

या भागासाठी २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुराइतका चांगला पाठ दुसरा नाही. वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत चढले. एस.टी. आगारातली रोकड सांभाळत बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिलेले अधिकारी त्या दिवसाच्या बातम्यांत ठळकपणे आले आणि ते योग्यच होते. १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ प्रमाणेच पुन्हा पाणी शिरले आणि ग्रंथ भिजले. विद्यार्थ्याला पुढे जावे लागते. कोयना प्रकल्पात वीजनिर्मिती झाल्यावर बाहेर पडणारे पाणी कोळकेवाडी मार्गे वाशिष्ठीत येते. त्या रात्री ते किती आणि किती वाजता सोडले? खाडीला भरती केव्हा होती? नदीतला गाळ शेवटचा कधी उपसला? पुराचे पाणी कुठवर येऊ शकते हे दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा आखल्यावर तिच्या आत किती बांधकामांना परवानगी मिळाली? अतिवृष्टी झाली यात शंका नाही आणि तापलेल्या समुद्रामुळे अशा पावसाची शक्यता वाढते, हेही विज्ञान सांगते. पण उरलेल्या चारही प्रश्नांची उत्तरे कुठल्या ना कुठल्या कार्यालयाच्या फायलीत आहेत आणि माहितीच्या अधिकारात ती मागता येतात आणि तीस दिवसांत द्यावी लागतात. चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण करून गाळाचा प्रश्न लावून धरला तो याच वाटेने. नागरिकांनी जे केले ते पत्रकाराला करता आलेच पाहिजे.

वर्गात हा पाठ करून घेण्याची सोपी रीत आहे. फळ्यावर चोवीस तासांची रेघ ओढायची. तिच्यावर तासागणिक पाऊस, भरती-ओहोटीच्या वेळा, धरणातला विसर्ग, प्रशासनाचे इशारे आणि लोकांनी मोबाइलवर टिपलेल्या चित्रफितींच्या वेळा मांडायच्या. ज्या जागा रिकाम्या राहतात, तिथे पुढची बातमी असते. या अभ्यासातून विद्यार्थ्याला पाणलोट कळतो. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, तेव्हा महाडच्या पुराची बातमी महाडच्या चौकात सुरू होत नाही, ती महाबळेश्वरच्या पर्जन्यमापकापाशी सुरू होते.

याउलट २ जुलै २०१९ चे, चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण. फुटलेल्या धरणाने भेंदवाडी वाहून नेली आणि वीसच्या आसपास माणसे गेली. पाऊस मोठा होताच. पण गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केलेल्या होत्या. खेकड्यांनी धरण पोखरल्याचे मंत्र्यांचे विधान गाजले. ते उद्धृत करून थांबणारी बातमी आणि धरणाच्या दुरुस्तीचा पत्रव्यवहार मिळवणारी बातमी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. इथे हवामानबदल हा शब्द मथळ्यात घालणे म्हणजे मृतांवर अन्याय करणे होय, असे स्पष्ट शिकवावे. रायगडमधल्या तळिये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या दरडींच्या बाबतीत प्रश्न आणखी वेगळा होतो. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडी नव्हती. मग यादी कोणी, कोणत्या निकषांवर आणि कधी केली, आणि आपल्या तालुक्यातल्या कोणत्या वाड्या तिच्याबाहेर आहेत? हे काम जानेवारी-फेब्रुवारीत, दरड कोसळण्याआधी करायचे असते.

बाग आणि बंदर

कोकणातल्या दैनिकांत हापूसची पहिली पेटी वाशीच्या बाजारात गेल्याची बातमी दरवर्षी येते. त्या पेटीमागचे शास्त्र क्वचितच येते. मोहर फुटायला जमिनीला ताण आणि रात्रीचा गारवा लागतो. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला, की ओलावा टिकतो आणि मोहराऐवजी पालवी येते. ढगाळ हवेत तुडतुडे आणि भुरी वाढते. इथवर सगळे सांगतात. पण फळे वाटाण्याएवढी झालेली असताना थंडी पुन्हा वाढली, तर पुनर्मोहर येतो आणि आधीची फळे गळतात. म्हणजे ‘थंडी कमी म्हणून आंबा कमी’ हे वाक्य दरवेळी खरे नसते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ आणि बागेत उभा असलेला बागायतदार, दोघांशी बोलल्याशिवाय आंब्याची बातमी पूर्ण होत नाही. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. बाग डोंगरउतारावर आणि केंद्र खाली गावात असले, तर नोंद आणि नुकसान जुळत नाही. ते केंद्र कुठे बसवले आहे, त्याच्याभोवती झाडे-भिंती आहेत का, हे स्वतः जाऊन पाहणे हा एक उत्तम क्षेत्रपाठ होऊ शकतो.

बंदरावरचे शिक्षण कानांचे असते. हर्णैला समुद्रातून आलेली मासळी वाळूवर उतरते आणि तिथेच लिलाव पुकारला जातो. विद्यार्थ्याने वहीत मासळीची जात, आकार, भाव आणि बोट किती वाव खोल पाण्यात, किती दिवस गेली होती, एवढे रोज लिहिले तरी महिन्याभरात बातमीचा कच्चा माल जमतो. तारली पूर्वी मुख्यतः केरळ-कर्नाटकची. तिचा पट्टा उत्तरेकडे सरकल्याचे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने नोंदवले आहे. हा समुद्र तापण्याशी जोडता येणारा धागा. पण पापलेट का मिळत नाही, असे विचारले, तर रापणवाला (किनाऱ्यावरून जाळे ओढणारा) पर्ससीनकडे, म्हणजे थव्याला वेढून खालून आवळल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्याकडे, बोट दाखवतो, पर्ससीनवाला एलईडी दिव्यांच्या बोटींकडे आणि दाभोळ खाडीतला मच्छीमार रासायनिक सांडपाण्याकडे. प्रत्येकाचे म्हणणे अंशतः खरे असते आणि प्रत्येकाचा त्यात हितसंबंधही असतो. बोंबील सुकवणाऱ्या, मासळी विकणाऱ्या बायकांना कुणी विचारतच नाही. वस्तुतः आवक रोज हाताळणाऱ्या त्याच. वादळी दिवसांत बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, की होड्या नांगरून राहतात. क्यार आणि महा या २०१९ च्या लागोपाठच्या वादळांनी ऐन हंगामातले किती दिवस बुडाले, याचा हिशेब या बायकांना तोंडपाठ होता.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नुकसानभरपाई हेक्टरी दराने जाहीर झाली तेव्हा गुंठ्यांत वाडी असलेल्या माणसाच्या हाती फारसे काही पडणार नव्हते. ओरड झाल्यावर सरकारने झाडामागे दर ठरवला : पोफळीला ५० रुपये, नारळाला २५०. हा तपशील विद्यार्थ्यापुढे ठेवावा, कारण जमिनीचा आकार आणि सरकारी निकष यांतली विसंगती दिसायला स्थानिक माहिती लागते. मुंबईहून एका दिवसासाठी आलेल्या वार्ताहराला ती दिसली नसती.

अडचणी

तालुक्याच्या वार्ताहराला बहुतेक ठिकाणी पगार नसतो. मानधन बातमीमागे असते आणि जाहिरातीही त्यानेच आणायच्या असतात. ज्याची जाहिरात, त्याच्याच डोंगरकापणीची बातमी कशी लिहायची, हा प्रश्न वर्गात टाळून चालत नाही. धोका याहून मोठा असू शकतो. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांना ६ फेब्रुवारी २०२३ रोजी गाडीखाली चिरडण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. रिफायनरी प्रकल्पाशी संबंधित त्यांची बातमी त्याच दिवशी प्रसिद्ध झाली होती. ज्याच्याविषयी ती होती, त्याच व्यक्तीला खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली. जमीन, प्रकल्प आणि किनारा यांवर लिहायला पाठवताना एकट्याने न जाणे, कुठे जातो ते शिक्षकांना कळवणे, कागदांच्या प्रती दुसरीकडे ठेवणे, ही शिस्त लेखनाइतकीच शिकवावी लागते.

विद्यार्थी तीन वर्षांत मुंबई-पुण्याला निघून जातात, ही दुसरी अडचण. हवामानबदलाची बातमी त्याहून लांब चालते. २०२० मध्ये पुन्हा लावलेली पोफळ उत्पन्नाला यायला सहा-सात वर्षे लागतात. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या किंवा मालवणजवळच्या देवबागच्या किनाऱ्याची धूप दिसायला एकाच जागेवरून, एकाच ओहोटीच्या वेळी, वर्षानुवर्षे काढलेली छायाचित्रे हवीत. म्हणून लिलावाच्या वह्या, माहिती अधिकारात मिळालेली कागदपत्रे, छायाचित्रे आणि बोललेल्या माणसांची यादी पत्रकारिता विभागाने जपून ठेवावी आणि दर जूनमध्ये नव्या तुकडीच्या हाती द्यावी. मागच्या तुकडीने ज्यांच्या पंचनाम्याची बातमी केली, त्यांना पैसे मिळाले का, हे विचारायला जाणे ही नव्या तुकडीची पहिली नेमणूक असावी.