पोकरातून अनुदान : अर्ज, कागदपत्रं आणि खिशातला धोका

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प असं पूर्ण नाव घेतलं तर गावात चटकन कुणाच्या लक्षात येत नाही. ‘पोकरा’ हे इंग्रजी नावाचं लघुरूप म्हटलं की मान हलते. नानाजींचा जन्म हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचा, आणि हिंगोली पहिल्यापासून या प्रकल्पात आहे. ही आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही. असो.

हवामान बदलाचा मार खाणाऱ्या गावांसाठी जागतिक बँकेच्या कर्जातून 2018 साली हा प्रकल्प सुरू झाला. पहिल्या टप्प्यात मराठवाड्याचे आठ जिल्हे, विदर्भातले सहा आणि जळगाव मिळून 15 जिल्ह्यांतली पाच हजारांवर गावं होती. अकोला, अमरावती आणि बुलढाण्यातला पूर्णाकाठचा खारपाणपट्टाही त्यात आला. दुसरा टप्पा साधारण 6,000 कोटी रुपयांचा आहे. त्यातले सत्तर टक्के बँकेचं कर्ज आणि तीस टक्के राज्याचा वाटा. या टप्प्यात 21 जिल्ह्यांतली 7,201 गावं असून नाशिक, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया आणि भंडारा हे जिल्हे नव्याने आले. आपलं गाव यादीत आहे का, हे सगळ्यात आधी बघा. पहिल्या टप्प्यात होतं म्हणून दुसऱ्यातही असेल असं धरून चालू नका, आणि शेजारचं गाव आहे म्हणून आपलंही असेल असंही नाही.

बाकीच्या योजनांपेक्षा पोकरा एका बाबतीत वेगळा आहे. इथे कशाला पैसा लागेल हे आधी गाव ठरवतं. दुसरी गोष्ट, काम आधी आणि पैसा नंतर. म्हणजे पैसा वाया जाण्याचा सरकारचा धोका बराच कमी होतो, पण तो हवेत विरत नाही, तुमच्या खिशात येऊन बसतो. खाली अर्जाचा प्रत्येक टप्पा सांगताना हा धोका कुठे आहे तेही सांगतो, कारण छापील माहितीपत्रकात ते नसतं.

गावाचा आराखडा

प्रकल्पातल्या गावात सूक्ष्म नियोजन होतं. काही दिवस शिवारफेरी, गावाचा नकाशा, महिलांची वेगळी बैठक, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाण्याचा ताळेबंद : पाऊस किती पडतो, मुरतो किती, वाहून जातो किती, आणि आपण घेतो त्या पिकांना लागतं किती. ताळेबंदाची ही पद्धत बसवायला आयआयटी मुंबईची मदत होती. त्यातून गावाचा आराखडा तयार होतो आणि तो ग्रामसभेपुढे जातो. गावपातळीवर सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. पहिल्या टप्प्यात तिला ग्राम कृषी संजीवनी समिती म्हणत. त्यात प्रगतिशील शेतकरी, महिला, बचत गट यांचे प्रतिनिधी असतात. वैयक्तिक लाभाच्या अर्जांना या समितीची मान्यता लागते.

या बैठकांना लोक जात नाहीत. ‘फोटो काढायला बोलावलंय’ म्हणून हसून सोडून देतात आणि सहा महिन्यांनी विचारतात, आमच्या वस्तीकडच्या नाल्याचं काम आराखड्यात का नाही? समितीची मान्यता हा गावाच्या हातातला एकमेव लगाम आहे. मोजक्या चार घरांनाच सगळे लाभ जाऊ नयेत म्हणून तो ठेवलाय. पण तिथे बसणारी माणसं गावचीच, त्यांचे भाऊबंद गावचेच. म्हणून मंजूर अर्जांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा, आणि समितीच्या ठरावाची नक्कल मागा. त्यात वैर धरण्यासारखं काही नाही.

नाला खोलीकरण, माती नाला बांध, सिमेंट बंधारा अशी सामूहिक कामं कृषी विभाग करून घेतो. त्यासाठी तुम्हाला अर्ज करायचा नसतो, आराखड्यात ती आली पाहिजेत एवढंच.

कोण अर्ज करू शकतं

वैयक्तिक लाभासाठी यादीतल्या गावात तुमच्या नावावर जमीन हवी आणि ती 5 हेक्टरच्या आत हवी. घरातली सगळी जमीन वडिलांच्या नावावर आणि कसणारा मुलगा असेल, तर अर्ज वडिलांच्याच नावाने होईल. ठिबक, तुषार, विहीर, शेततळं, त्याचं अस्तरीकरण, मोटर, पाइप, फळबाग, शेडनेट, रेशीम, मधमाश्या, गांडूळखत असे बरेच घटक पहिल्या टप्प्यापासून आहेत. शेळीपालन आणि परसातली कोंबडी हे मुख्यतः भूमिहीन कुटुंबं आणि विधवा, परित्यक्ता महिला यांच्यासाठी ठेवलेले आहेत. त्यांच्यासाठी सातबाराऐवजी भूमिहीन असल्याचा दाखला लागतो, आणि हे माहीत नसल्यामुळेच ‘आमच्याकडे जमीन नाही, आम्हाला कुठलं अनुदान’ म्हणून अनेक बाया परत जातात.

शेतकरी गट, बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपनी यांचा मार्ग वेगळा आहे. अवजार बँक, गोदाम, धान्य स्वच्छता व प्रतवारी केंद्र अशा कामांना गटाची किंवा कंपनीची नोंदणी, संचालक मंडळाचा ठराव, लेखापरीक्षण झालेले हिशेब, प्रकल्प अहवाल आणि स्वतःचा हिस्सा किंवा बँक कर्जाची मंजुरी लागते. नुसत्या अनुदानासाठी घाईघाईने कंपनी काढलेली असेल तर ते कंपनीच्या हिशेबात दिसतं. ज्यांना गोदाम चालवायचंच नाही त्यांनी गोदाम मागू नये, एवढंच म्हणेन.

कागदपत्रं

आधार कार्ड, सातबारा, आठ-अ, बँक पासबुक, लागू असेल तर जात प्रमाणपत्र आणि दिव्यांग प्रमाणपत्र. याशिवाय आता शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे अ‍ॅग्रिस्टॅकचा फार्मर आयडी. राज्यात कृषी योजनांसाठी तो 15 एप्रिल 2025 पासून बंधनकारक आहे. यादी छोटी आहे, पण अर्ज अडतात ते कागद नसल्याने नव्हे, कागद एकमेकांशी न जुळल्याने.

पहिली अडचण नावाची. आधारवर ‘बाळासाहेब’, सातबारावर ‘बाळू’, पासबुकात इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. अर्जाच्या आधी आधार किंवा सातबारा यापैकी एक दुरुस्त करून घ्या. सातबारावरची नावदुरुस्ती तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांमार्फत होते आणि तिला वेळ लागतो, म्हणून ती पावसाळ्याआधीच काढा.

दुसरी अडचण सामाईक खात्याची. सातबारावर तीन भावांची नावं आणि विहीर एकाला हवी, तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. ते तोंडी चालत नाही. पुढे वाटणी झाली की त्या विहिरीचं पाणी कुणाचं, यावर भांडण होतं. संमतीपत्रातच पाण्याच्या पाळीचं लिहून ठेवा. सरकार ते मागत नाही, पण तुमच्या उपयोगी पडेल.

तिसरी अडचण सगळ्यात फसवी. खात्याला आधार ‘जोडलेलं’ असणं आणि अनुदान त्याच खात्यात ‘पडणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवायसीसाठी तुम्ही चार बँकांत आधार दिलेलं असतं, पण थेट लाभ जातो तो ज्या एका बँकेशी आधार सीड झालंय तिथे. बऱ्याचदा ती सगळ्यात शेवटी उघडलेली बँक निघते, आणि पैसा मुलाने मोबाईलवर काढलेल्या विसरलेल्या खात्यात जातो. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. अर्ज भरण्याच्या दिवशीच ती बघा.

अर्ज ते पूर्वसंमती

नोंदणी आणि अर्ज प्रकल्पाच्या डीबीटी (थेट खात्यात लाभ) पोर्टलवर ऑनलाइन होतो. गावचे कृषी सहाय्यक किंवा प्रकल्पाचे समूह सहायक मदत करतात. कृषी सहाय्यकांचं पदनाम आता सहायक कृषी अधिकारी झालंय, पण गावात अजून जुनंच नाव चालतं. अर्ज समितीकडे जातो, मग कागदपत्रांची छाननी, मग जागेची पाहणी. या पाहणीला मोका तपासणी म्हणतात. जागेवर मोबाईल अ‍ॅपमधून फोटो काढला जातो आणि त्यावर अक्षांश-रेखांश उमटतात. त्यामुळे एकाच शेततळ्याचा फोटो दोन अर्जांना लावण्याचे दिवस संपले. तपासणीच्या दिवशी स्वतः शेतावर हजर राहा आणि कुठला जमिनीचा गट नंबर, कुठला बांध हे नीट दाखवा. फोटो चुकीच्या गटात निघाला तर अर्ज परत येतो.

त्यानंतर उपविभागीय कृषी अधिकाऱ्यांकडून पूर्वसंमती मिळते. पूर्वसंमतीच्या आधी एक रुपयाचीही खरेदी करू नका. तारीख पूर्वीची असलेलं बिल बाद होतं, मग ठिबक शेतात कितीही उत्तम चालत असो. पूर्वसंमती पत्रावर काम पूर्ण करायची मुदत लिहिलेली असते. मुदत उलटली की तीही बाद.

विहिरीचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. भूजलाचा उपसा आधीच जास्त असलेल्या पाणलोटात नवीन विहीर मिळत नाही, आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आतली जागाही नाकारली जाते. लोकांना हा आडमुठेपणा वाटतो. पण तुमच्या विहिरीने गावाची पाणीपुरवठ्याची विहीर आटली तर फेब्रुवारीतच टँकर लागेल, आणि तो काही पोकरातून येणार नाही. विहिरीला पाणी लागलं नाही तर झालेला खर्च आणि काढलेलं कर्ज तुमच्याच डोक्यावर राहतं. म्हणून जागा ठरवताना पाण्याच्या ताळेबंदातला भूजलाचा आकडा विचारा. पाणाड्याच्या नारळावर सगळी भिस्त ठेवू नका.

पैशाचं गणित

अनुदान प्रत्यक्ष खर्चावर मिळतं असं अनेकांना वाटतं. ते मिळतं प्रत्यक्ष खर्च आणि ठरलेला मापदंड (म्हणजे त्या घटकासाठी सरकारने धरलेला खर्च) यांतल्या कमी रकमेवर. समजा शेडनेटला तुमचे 4 लाख गेले, मापदंड 3 लाख 50 हजार आहे आणि अनुदान 75 टक्के. तर हातात पडतील 2 लाख 62 हजार 500. तुमचा खरा हिस्सा 1 लाख रुपये नव्हे, 1 लाख 37 हजार 500.

आता हे 4 लाख आधी उभे करायचे आहेत. सावकाराकडून शेकडा दोनने घेतले, तर अनुदानाच्या रकमेवरच महिन्याला 5,250 रुपये व्याज. पैसे यायला सहा महिने लागले तर 31,500 रुपये गेले. अनुदान कधी येईल याची तारीख कुणी लिहून देत नाही. म्हणून कर्ज घ्यायचंच असेल तर बँकेचं घ्या, आणि पूर्वसंमतीचं पत्र दाखवून घ्या. हाताशी पैसे नसतील तर छोट्या घटकापासून सुरुवात करा. एका एकराचं ठिबक पचतं, शेडनेट सगळ्यांना पचत नाही.

विक्रेत्यांबद्दलही बोललं पाहिजे. ‘दादा, तुम्ही फक्त सही करा, बाकी सगळं आम्ही बघतो, पैसे अनुदान आल्यावर द्या’ असं सांगणारा माणूस भेटतोच. तो तुमची सोय करतोय असं वाटतं, पण बिल फुगतं, मालाचा दर्जा उतरतो, आणि चौकशी लागली तर सही तुमची असते. कोऱ्या कागदावर सही नाही, पासबुक-एटीएम दुसऱ्याकडे नाही, पोर्टलचा ओटीपी कुणाला सांगायचा नाही. किमान दोन-तीन दुकानांची कोटेशन घ्या. पैसे बँकेतून द्या आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या. त्यावर कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक असू द्या, कारण तपासणीला येणारा माणूस मोटरवरचा क्रमांक बिलाशी जुळवतो.

जमिनीच्या एकाच गट नंबरावर एकाच घटकाचा लाभ महाडीबीटीतून (राज्याच्या इतर योजनांच्या पोर्टलवरून) आणि पोकरातूनही घेता येत नाही. पूर्वी घेतलेला असेल तर लपवू नका. वसुली निघते, आणि वसुलीचं पत्र अनुदानापेक्षा वेगाने येतं.

काम झाल्यावर

काम पूर्ण झालं की बिलं पोर्टलवर चढवून अनुदानाची मागणी करायची. पुन्हा मोका तपासणी, पुन्हा फोटो, मग कार्यालयातली छाननी, आणि शेवटी मुंबईतल्या प्रकल्प कार्यालयातून रक्कम थेट खात्यात. मधल्या कुठल्याही टेबलावर अर्ज त्रुटी दाखवून परत येऊ शकतो. त्रुटीचा मेसेज मोबाईलवर येतो, म्हणून अर्जात नंबर स्वतःचा द्या, सेतूवाल्याचा नको.

शेततळं केलं असेल तर कुंपण त्याच आठवड्यात घाला. अस्तराचा प्लास्टिक कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, आणि आत पडलेल्याला कडेला धरायला काही नसतं. दर उन्हाळ्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. एक दोरी आणि हवा भरलेली जुनी ट्यूब काठाला कायम बांधून ठेवा.

अर्ज अडकलाच तर आधी समूह सहायक, मग तालुका कृषी अधिकारी, मग उपविभागीय आणि जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, या क्रमाने लेखी विचारा आणि प्रत्येक अर्जावर पोचेचा शिक्का घ्या. उत्तरच आलं नाही तर 10 रुपयांच्या शुल्कात माहिती अधिकाराचा अर्ज करा. ‘माझ्या अर्जाची सद्यःस्थिती, कोणत्या टेबलावर कोणत्या तारखेपासून प्रलंबित, आणि कारण’ एवढीच माहिती मागा. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं, आणि अनेकदा उत्तराच्या आधी फाइलच पुढे सरकते. सगळ्या बिलांच्या झेरॉक्स आजच काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात.