मोजून दिलेला खेळ

मेंदूच्या उजव्या भागाला पक्षाघाताचा झटका बसलेल्या काही रुग्णांच्या बाबतीत एक चमत्कारिक गोष्ट आढळते: त्यांचे डोळे शाबूत असतात, पण डावीकडचे जग त्यांच्या लेखी उरत नाही. पानात उजवीकडे वाढलेली भाजी-आमटी ते संपवतात, डावीकडच्या कोशिंबिरीला हातही लागत नाही आणि वर ‘आज कोशिंबीर केली नाही का?’ असे विचारतात. ‘डावीकडे बघा’ असे सांगून सांगून घरची माणसे थकतात. रिक्रिएशनल थेरपिस्ट, म्हणजे खेळ आणि छंद यांच्या साहाय्याने उपचार करणारा तज्ज्ञ, अशा रुग्णापुढे कॅरम मांडू शकतो.

रुग्णाचा वेळ बरा जावा एवढाच त्यामागचा हेतू असेल, तर त्याला उपचार म्हणण्याचे कारण नाही. खेळ निवडण्यापूर्वी थेरपिस्टने त्याची फोड केलेली असते: या खेळात किती वेळ ताठ बसावे लागते, नजर कुठवर फिरवावी लागते, बोटांत किती जोर लागतो, पाळी येईपर्यंत किती धीर धरावा लागतो. मग तो बोर्डाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवतो आणि ती दिसल्याशिवाय स्ट्रायकर मारायचा नाही, असा नियम घालतो. सुरुवातीला मधोमध असलेल्या सोंगट्या दर काही दिवसांनी थोड्या थोड्या डावीकडे सरकतात. न सांगता डावीकडची सोंगटी किती वेळा सापडली आणि पाठीला आधार न घेता रुग्ण किती मिनिटे बसला, याची वहीत नोंद होते. डाव कोणी जिंकला, याची होत नाही.

इजा झालेल्या मेंदूत नवे मार्ग रुळण्यासाठी तीच कृती लक्ष देऊन पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि नुसत्या व्यायामाला कंटाळणारा माणूस राणी घेण्यासाठी मात्र तोच हात आनंदाने पुढे करतो. अर्थात कॅरमवर लागलेली सवय जेवणाच्या पानापर्यंत आपोआप पोचत नाही. ती तिथे वेगळी गिरवून घ्यावी लागते. शिवाय रुग्णाला कॅरमची मुळात आवड नसेल, तर हा सारा खटाटोप व्यर्थ आहे. साठीच्या गृहस्थांपुढे लहान मुलांचे रंगीत ठोकळे ठेवण्याची चूक तर अक्षम्यच म्हणावी लागेल.

खेळाला उपचारात मानाचे स्थान मिळवून देणाऱ्यांत डॉ. लुडविग गुटमन यांचे नाव अग्रभागी आहे. नाझी जर्मनीतून इंग्लंडला आलेल्या या ज्यू मज्जातज्ज्ञाने 1944 मध्ये तिथल्या स्टोक मॅन्डेव्हिल रुग्णालयात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. असे रुग्ण त्या काळी शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने बहुधा लवकर दगावत. गुटमन यांनी रुग्णांना ठरावीक वेळाने कुशीवर वळवण्याचा दंडक घातला आणि त्यासोबत खेळही सुरू केले. धनुर्विद्येने दंड, खांदे आणि पाठ बळकट होते, व्हीलचेअरवर तोल सांभाळण्याचा सराव होतो, आणि त्यात बसलेला माणूस उभ्या माणसाशी बरोबरीने स्पर्धा करू शकतो. 29 जुलै 1948 रोजी तिथे 16 खेळाडूंची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. तिच्यातूनच पुढे पॅरालिंपिक स्पर्धा उभ्या राहिल्या. मूळचे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाल्यावर ते पोहण्याकडे वळले आणि 1972 मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले.

अमेरिकेत या पेशासाठी स्वतंत्र पदवी, अनुभवी थेरपिस्टच्या हाताखाली प्रत्यक्ष काम आणि प्रमाणपत्र परीक्षा अशी वाट आहे. तिथली प्रमाणपत्र देणारी राष्ट्रीय परिषद 1981 मध्ये स्थापन झाली. आपल्याकडे 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने या पेशाची दखल घेतली आहे, तरी हे काम पुष्कळदा ऑक्युपेशनल थेरपिस्टच (रोजची कामे पुन्हा करता यावीत म्हणून उपचार करणारे) करताना दिसतात.

या कामाचा सर्वांत अवघड भाग रुग्णालयाबाहेर असतो. घरी परतलेला माणूस गल्लीतल्या मंडळाच्या कॅरमकडे वळायला लाजतो, कारण पूर्वी तो तिथे उभ्याने खेळत असे. अशा वेळी थेरपिस्ट पहिल्यांदा त्याच्यासोबत जातो आणि खुर्ची कुठे मावेल ते पाहतो. दुसऱ्यांदा दारापाशी थांबतो. तिसऱ्यांदा जातच नाही, फक्त संध्याकाळी फोन करून ‘आज डावीकडच्या किती घेतल्या?’ एवढे विचारतो.