अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे पैसे: पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रं

अमेरिकेत वाढणारं आपलं एखादं मूल हायस्कूलच्या फुटबॉल संघात असेल आणि कॉलेजचे कोच घरी फोन करू लागले असतील, तर पुढची माहिती मुलाआधी आईवडिलांनी वाचावी. फुटबॉल म्हणजे इथे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडूने खेळायचा अमेरिकन फुटबॉल. आकडे आणि नियम 2025-26 च्या हंगामाचे आहेत.

पैसे दोन वाटांनी येतात

कॉलेज खेळाडू हौशीच असला पाहिजे, असा एनसीएए या नियामक संस्थेचा पिढ्यानपिढ्यांचा आग्रह होता. शिष्यवृत्ती, राहणं, जेवण, आणि तिथेच हिशेब संपायचा. जून 2021 मध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 9-0 असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला. त्यानंतर 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःचं नाव, चेहरा आणि ओळख वापरू देऊन बाहेरच्या कंपन्यांकडून पैसे घेण्याची मुभा मिळाली. ही पहिली वाट. तिला सगळे ‘एनआयएल’ (नेम, इमेज, लाइकनेस) म्हणतात.

दुसरी वाट 6 जून 2025 रोजी उघडली. त्या दिवशी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ‘हाऊस विरुद्ध एनसीएए’ खटल्यातली तडजोड मंजूर केली. 1 जुलै 2025 पासून, ही तडजोड स्वीकारलेली विद्यापीठं आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट वाटा देऊ शकतात. त्याला मर्यादा आहे: सगळ्या खेळांचे मिळून एका विद्यापीठाला वर्षाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. बाहेरच्या कंपन्यांचे पैसे या मर्यादेत मोजले जात नाहीत.

याला पगार समजू नका. तडजोडीने खेळाडूंना विद्यापीठाचे कर्मचारी ठरवलेलं नाही. कागदावर विद्यापीठ तुमच्या मुलाचं नाव आणि चेहरा वापरण्याचा परवाना विकत घेतं, म्हणून नोकरदाराला मिळणारं संरक्षण या पैशाबरोबर आपोआप येत नाही. जे मिळेल ते करारात लिहिलेलं तेवढंच.

फुटबॉलचं काय बदलतंय

याच तडजोडीत मागच्या खेळाडूंच्या भरपाईसाठी जे सूत्र ठरलं, त्याच धर्तीवर अनेक मोठ्या विद्यापीठांनी नवा वाटा वाटायला घेतला. त्यात सुमारे 75 टक्के फुटबॉलला, 15 टक्के पुरुष बास्केटबॉलला, 5 टक्के महिला बास्केटबॉलला आणि उरलेले 5 टक्के बाकी सगळ्या खेळांना. म्हणजे फुटबॉलच्या वाट्याला दीड कोटी डॉलरच्या आसपास. संघातल्या 105 जणांत सारखे वाटले तर माणशी साधारण दीड लाख, पण सारखे कुणीच वाटत नाही. संघाचं आक्रमण चालवणारा क्वार्टरबॅक आणि राखीव फळीतला, पुढच्या रांगेत अडवाअडवी करणारा लाइनमन यांच्या आकड्यांत प्रचंड फरक असतो. मुलाला आकडा सांगितला गेला, तर तो त्याच्या जागेसाठी आहे की नुसती सरासरी ऐकवली आहे, हे आधी विचारा.

105 हा आकडा नीट समजून घ्या. पूर्वी फुटबॉलमध्ये 85 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, पण संघात किती मुलं ठेवायची याला हंगामात बंधन नव्हतं. शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःच्या खर्चाने, नुसत्या जिद्दीवर सरावाला येणारे ‘वॉक-ऑन’ धरून संघ सव्वाशेच्याही वर जायचे. आता शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघाचीच मर्यादा आली: 105. सगळ्यांना शिष्यवृत्ती देता येते, पण 106 व्या मुलाला जागाच नाही. मला या सगळ्या बदलातली हीच गोष्ट मनाला सर्वात जास्त लागते. शाळेत चमकला नाही म्हणून वॉक-ऑन झालेला आणि तिसऱ्या वर्षी मैदानावर उतरलेला मुलगा ही कॉलेज फुटबॉलची जुनी श्रीमंती होती. न्यायाधीश विल्केन यांनाही हे खटकलं होतं. मर्यादा येणार म्हणून आधीच ज्यांना काढून टाकलं, त्यांची सोय लावल्याशिवाय त्यांनी मंजुरी दिली नाही. अशा मुलांची नावं विद्यापीठांनी वेगळ्या यादीत दिली आणि ती मुलं 105 मध्ये मोजली जात नाहीत. नव्याने येणाऱ्यांना मात्र ही सवलत नाही. म्हणून कोच ‘वॉक-ऑन म्हणून ये’ म्हणाले, तर 105 मध्ये जागा पक्की आहे का, हे लेखी मागा.

पात्रता

पहिली पायरी एनसीएएच्या पात्रता केंद्राच्या संकेतस्थळावर खातं उघडणं. ते नववी-दहावीतच उघडलेलं बरं, कारण विषयांची चूक बारावीत दुरुस्त होत नाही. डिव्हिजन एक, म्हणजे सर्वात वरच्या गटासाठी हायस्कूलमध्ये 16 मान्यताप्राप्त मूळ विषय पूर्ण हवेत: इंग्रजी 4 वर्षं, गणित 3, विज्ञान 2, यांपैकीच एकाचं आणखी 1, समाजशास्त्रं 2 आणि इतर मान्य विषय 4. त्यातले 10 शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी संपलेले असावेत आणि त्या दहांत 7 इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. या विषयांची सरासरी 4 पैकी किमान 2.3 लागते. एसएटी किंवा एसीटी या प्रवेश परीक्षांची अट 2023 मध्ये काढून टाकली आहे, पण प्रवेशासाठी विद्यापीठ ती स्वतंत्रपणे मागू शकतं.

शिक्षण महाराष्ट्रात झालं असेल, तर नववीपासूनच्या गुणपत्रिका, दहावी-बारावीची बोर्डाची प्रमाणपत्रं आणि मूळ कागद मराठीत असतील तर त्यांचं इंग्रजी भाषांतर तयार ठेवा. भारतातून फुटबॉलसाठी कुणी क्वचितच जाईल, पण टेनिस, पोहणं, अ‍ॅथलेटिक्ससाठी जाणाऱ्या मुलामुलींनाही हेच केंद्र आणि हेच विषय लागू आहेत.

करार सही करण्याआधी

विद्यापीठाचा वाटा मिळण्यासाठी वेगळा सरकारी अर्ज नसतो. विद्यापीठाचा क्रीडा विभाग करार पाठवतो, खेळाडू सही करतो, आणि तो 18 वर्षांखालचा असेल तर पालकाचीही सही लागते. तोंडी शब्दावर काय होतं, हे 2024 मध्ये दिसलं. नेवाडा विद्यापीठाच्या लास वेगासमधल्या संघाचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लुका सलग तीन सामने जिंकून हंगाम अर्धवट टाकून गेला. कबूल केलेले 1 लाख डॉलर मिळाले नाहीत, असं त्याच्या एजंटचं म्हणणं होतं, आणि विद्यापीठाने ते फेटाळलं. लेखी करार नव्हता.

करारात चार कलमं बोटाने दाखवून विचारा. दुखापत झाली तर पैसे चालू राहतात का? कोच बदलला किंवा 105 मधून नाव गेलं तर काय? दुसऱ्या विद्यापीठात गेल्यास मिळालेले पैसे परत करावे लागतात का? आणि नावाचा परवाना विद्यापीठाकडे किती काळ राहतो, तो फक्त त्यांच्याचकडे असतो का? तिसरं कलम सर्वात महत्त्वाचं, कारण 2024 पासून अभ्यासात पात्र असलेला खेळाडू कितीही वेळा विद्यापीठ बदलून लगेच खेळू शकतो. ते थांबवण्याचा विद्यापीठांचा उपाय म्हणजे हेच परतफेडीचं कलम. एजंट घेतलात तर तो त्या राज्यात नोंदलेला आहे का आणि टक्केवारी किती, हे तपासा. वकिलाकडून एकदा वाचून घेण्याचा खर्च जड वाटला तरी करा.

बाहेरच्या कराराची नोंद

कंपनी, दुकान किंवा विद्यापीठाचा देणगीदार यांच्याकडून 600 डॉलर किंवा जास्त मिळणार असतील, तर करार ठरल्यापासून कामकाजाच्या 5 दिवसांत ‘एनआयएल गो’ या प्रणालीवर नोंदवावा लागतो. एकाच कंपनीचे छोटे करार मिळून 600 झाले तरीही. ही प्रणाली डेलॉइट या सल्लागार कंपनीने बांधली आहे आणि अंमलबजावणी कॉलेज स्पोर्ट्स कमिशन ही तडजोडीनंतर उभी राहिलेली संस्था करते. पैसे देणारा विद्यापीठाशी जोडलेला असेल, तर दोन गोष्टी तपासतात: यामागे खरा व्यवसाय आहे का, आणि रक्कम अशा कामाला शोभते का. विद्यापीठाला आयुष्यात 50,000 डॉलरपेक्षा जास्त देणगी दिलेली व्यक्ती ‘जोडलेली’ धरली जाते.

करार नामंजूर झाला तर तो बदलून पुन्हा पाठवता येतो, रद्द करता येतो किंवा लवादाकडे जाता येतं. नामंजूर करारावर पैसे घेतले तर खेळण्याची पात्रता धोक्यात येते.

हाताशी ठेवायचे कागद

सोशल सिक्युरिटी क्रमांक, बँक खात्याचा तपशील, भरलेला डब्ल्यू-9 फॉर्म (पैसे देणाऱ्याला आपला कर क्रमांक कळवण्याचा), प्रत्येक कराराची सही केलेली प्रत, आणि वर्षभराच्या खर्चाच्या पावत्या.

पावत्या करासाठी. शिक्षण शुल्काच्या शिष्यवृत्तीवर कर नाही, पण एनआयएलच्या आणि विद्यापीठाच्या वाट्याच्या पैशावर आहे, आणि बहुतेक वेळा हे पैसे कर न कापता पूर्ण हातात येतात. स्वयंरोजगाराची निव्वळ कमाई 400 डॉलर किंवा जास्त झाली की 15.3 टक्के स्वयंरोजगार कर आयकरावर वेगळा लागतो. अंदाजे कर वर्षात चारदा भरायचा: 15 एप्रिल, 15 जून, 15 सप्टेंबर आणि पुढच्या वर्षी 15 जानेवारी. गरजेवर आधारित आर्थिक मदत घेत असाल तर ही कमाई तिच्या हिशेबातही धरली जाते.

व्हिसा

मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल किंवा त्याच्याकडे ग्रीन कार्ड असेल, तर अडचण नाही. पण आईवडील एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आणि मूल एच-4 या अवलंबितांच्या व्हिसावर अशी आपल्याकडे कितीतरी घरं आहेत. एच-4 वरच्या मुलाला काम करण्याची परवानगी नाही, आणि 21 पूर्ण झाल्यावर तो दर्जाही संपतो. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर विद्यापीठाच्या आवारात सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम चालतं, बाहेर वेगळी मंजुरी लागते, आणि एनआयएलसाठी व्हिसाच्या नियमांत वेगळी वाट केलेली नाही. केंटकी विद्यापीठाचा काँगोहून आलेला बास्केटबॉलपटू ऑस्कर श्वेब्वे याने 2022 मध्ये संघ बहामाला गेला असताना तिथे आपल्या जाहिरातींचं काम उरकलं, कारण ते काम अमेरिकेच्या जमिनीवर होत नव्हतं.

म्हणून अशा घरांनी क्रम उलटा ठेवावा. आधी इमिग्रेशनचा वकील आणि विद्यापीठातला आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचा अधिकारी, मग क्रीडा विभागाचा करार. शिष्यवृत्ती, राहणं आणि जेवण घ्यायला व्हिसा आड येत नाही, ते निर्धास्त घ्या. बाकी एकही डॉलर खात्यावर येण्याआधी वकिलाचं उत्तर लेखी हातात असू द्या.