कलम 16 : बंड चार दिवसांचे, अधिकार पाच महिन्यांचे

मे-जून 1940 मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष आल्बेर लब्रं यांच्या हाती स्वतः निर्णय घेण्याचा अधिकारच नव्हता. तेव्हाचे सेनाधिकारी आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले शार्ल द गॉल हे कधी विसरले नाहीत. फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियातले युद्ध चिघळून 13 मे 1958 ला अल्जिअर्समध्ये उठाव झाला, जूनमध्ये सरकार त्यांच्याकडे आले आणि 4 ऑक्टोबरच्या नव्या राज्यघटनेत संकटकाळी राष्ट्राध्यक्षाला विशेष अधिकार देणारे कलम 16 बसले.

हे कलम लावायला दोन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. देशाच्या संस्था, स्वातंत्र्य, भूभाग किंवा आंतरराष्ट्रीय बांधिलकी यांना गंभीर आणि तातडीचा धोका हवा. शिवाय घटनात्मक यंत्रणेचे कामकाज खंडित झालेले हवे. राष्ट्राध्यक्षाने पंतप्रधान, दोन्ही सभागृहांचे अध्यक्ष आणि घटनात्मक परिषद (कायदे राज्यघटनेत बसतात का हे तपासणारी संस्था) यांचा सल्ला घ्यायचा, मग देशाला संदेश द्यायचा. सल्ला घेणे बंधनकारक, मानणे नाही. खरी मेख इथेच आहे.

एप्रिल 1961 मध्ये चार निवृत्त फ्रेंच सेनानींनी बंड करून अल्जिअर्सचा ताबा घेतला. 23 तारखेला कलम लागू झाले, 26 पर्यंत बंड मोडले. अधिकार मात्र 29 सप्टेंबरपर्यंत चालले, कारण ते कधी सोडायचे हेही राष्ट्राध्यक्षच ठरवणार होते. पोलीस कोठडीची मुदत 15 दिवसांपर्यंत वाढली, खास लष्करी न्यायालय उभे राहिले. या काळात संसद भरवावीच लागते आणि खालचे सभागृह बरखास्त करता येत नाही. पण भरलेल्या संसदेने करायचे काय? शेतीविषयक कायदे करायला द गॉल यांनी हरकत घेतली. सप्टेंबरमध्ये अविश्वास ठराव सभाध्यक्ष शाबां-देल्मास यांनी दाखलच करून घेतला नाही. फ्रान्सच्या अर्धअध्यक्षीय पद्धतीत, म्हणजे राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान दोघांकडेही सत्ता असते तिथे, पंतप्रधान सभागृहाला उत्तरदायी असतो. तो दोर तुटला की सरकार एकट्या राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर उभे राहते.

मार्च 1962 मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानेही सांगितले की कलम लावण्याचा निर्णय न्यायालयीन तपासणीबाहेर आहे.

दुरुस्तीला 2008 उजाडले. आता 30 दिवसांनंतर कोणत्याही सभागृहाचा अध्यक्ष, खालच्या सभागृहाचे 60 खासदार किंवा वरच्या सभागृहाचे 60 सिनेटर, कलमाच्या अटी अजून पुऱ्या होतात का हे विचारायला घटनात्मक परिषदेकडे जाऊ शकतात. 60 दिवसांनंतर परिषद ते स्वतःहून तपासते. पण ती देते ते जाहीर मत, आदेश नव्हे. त्याच वर्षी कलम 35 मध्ये मात्र पक्की अट आली : परदेशातल्या लष्करी कारवाईची माहिती 3 दिवसांत संसदेला द्यायची, आणि ती 4 महिन्यांपुढे न्यायची तर संसदेची परवानगी घ्यायची.