बाहीत हरवलेला हात: रोजच्या घरगुती वेळाला बालविकासात जागा कशी मिळाली

कपडे घालताना लहानग्याचा हात बाहीत अडकतो. आपण विचारतो, "अरे, हात कुठे गेला?" तो क्षणभर थांबतो, बाहीच्या टोकाकडे बघत राहतो. बोटं बाहेर आली की "सापडला!" आणि दोघंही हसतात. दुसऱ्या बाहीच्या वेळी तो स्वतःच हात आत ओढून धरतो, कारण आता खेळ त्याला कळलाय. या अर्ध्या मिनिटात वाट बघणं आहे, आपली पाळी ओळखणं आहे, एक शब्द आहे आणि दिसत नसलेली वस्तूही असतेच, ही समजही आहे. आज बालविकासाची कुठलीही माहितीपुस्तिका असे प्रसंग आवर्जून सांगते. शंभरेक वर्षांपूर्वीच्या पुस्तिका मात्र तान्ह्या बाळाशी खेळूच नका म्हणत होत्या.

त्याच्याही आधी हे कुणाला सुचलंच नव्हतं, असं नाही. मोराव्हियातून (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या भागातून) परागंदा झालेला शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस याने पहिल्या सहा वर्षांच्या घरच्या शिक्षणावर एक छोटं पुस्तक लिहिलं. ते 1633 मध्ये जर्मन भाषेत छापलं गेलं. त्यात तो मुलांना भूगोल आणि इतिहासही 'शिकवतो', पण कसा? पाळणा आणि आईची कूस यांतला फरक कळला की भूगोल सुरू झाला. काल काय घडलं ते आठवू लागलं की इतिहास. मुलं मुंग्यांसारखी सतत काहीतरी करत असावीत, असं त्याचं म्हणणं. मला हे आजच्या अनेक अभ्यासक्रमांपेक्षा शहाणपणाचं वाटतं. पुढे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने 1840 मध्ये आपल्या शाळेला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. त्याची ओळख त्या शाळेमुळे राहिली. पण 1844 मध्ये त्याने आयांसाठी बोटांच्या खेळांचा आणि गाण्यांचा एक संग्रहही काढला होता, हे सहसा सांगितलं जात नाही.

मग घड्याळ घरात शिरलं. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ एमेट होल्ट यांचं प्रश्नोत्तरांच्या रूपातलं पुस्तक 1894 मध्ये आलं आणि पुढची कित्येक दशकं खपलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाशी मुळीच खेळू नये, त्यानंतरही जितकं कमी तितकं बरं, अशी त्यांची शिकवण. खेळवल्याने बाळ चिडचिडं होतं, नीट झोपत नाही, हे कारण. त्यांना दुष्ट ठरवणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. तेव्हा तान्ही मुलं संसर्गाने फार मोठ्या संख्येने दगावत होती. स्वच्छता आणि शिस्त यांनी जीव वाचत होते. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांना मात्र ही सबब देता येत नाही. मुलांना मिठी मारू नका, मांडीवर घेऊ नका, सकाळी त्यांच्याशी हस्तांदोलन करा, हा त्यांचा 1928 मधला सल्ला.

या विचारातली खोट संस्थांमधल्या आणि रुग्णालयातल्या खाटांवर उघडी पडली. मनोविश्लेषक रेने स्पिट्झ यांनी 1945 मध्ये दोन ठिकाणच्या बाळांची तुलना मांडली. एका ठिकाणी कैदी आया आपल्या बाळांना स्वतः सांभाळत होत्या. दुसरं अनाथालय, अगदी स्वच्छ. पण एका परिचारिकेकडे आठेक बाळं आणि खाटांभोवती चादरी टांगलेल्या, त्यामुळे बाळाला दिसायचं ते फक्त छत. अनाथालयातल्या 91 बाळांपैकी 34 दोन वर्षांत दगावली. त्यांच्या अभ्यासपद्धतीवर पुढे बरीच टीका झाली, ती योग्यही होती. तरी ती टांगलेली चादर विसरता येत नाही. पाठोपाठ मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा, आईच्या मायेविना वाढणाऱ्या मुलांवरचा, जागतिक आरोग्य संघटनेसाठीचा अहवाल 1951 मध्ये आला. 1952 मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचं चित्रण दाखवलं. आईवडिलांच्या भेटींवरचे निर्बंध सैल व्हायला मात्र आणखी बरीच वर्षं गेली.

माया हवी, हे इतकं सिद्ध झालं. पण मायेने नेमकं होतं काय? 1970 च्या दशकात संशोधकांनी कॅमेरे लावले. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या प्रयोगात आई बाळाशी बोलता बोलता चेहरा निर्विकार करते. बाळ हसून बघतं, आवाज काढतं, हात पुढे करतं. काहीच घडत नाही तेव्हा तोंड फिरवतं. म्हणजे तेही संभाषणात भागीदार होतं! जेरोम ब्रूनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये परांचीची उपमा दिली: मूल अडेल तिथेच आधार द्यायचा, जमू लागलं की काढून घ्यायचा.

खरी कसोटी जमैकातल्या किंग्स्टनमध्ये लागली. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांच्या गटाने 1986-87 मध्ये, वाढ खुंटलेली 9 ते 24 महिन्यांची 129 मुलं निवडली. काहींना पूरक आहार, काहींच्या घरी आठवड्यातून एक तास आरोग्यसेविका, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. सेविका टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन जायची, आईला मुलाशी खेळायला-बोलायला लावायची, खेळणी तिथेच ठेवून पुढच्या आठवड्यात बदलायची. हे दोन वर्षं चाललं. बावीसाव्या वर्षी, ज्यांच्या घरी सेविका गेली होती त्यांची कमाई न गेलेल्यांपेक्षा 25 टक्के जास्त आढळली. नुसत्या आहाराचा तसा टिकाऊ फायदा दिसला नाही.

याच काळात एक आकडा डोक्यात बसला आणि त्याने थोडं नुकसानही केलं. हार्ट आणि रिझली या संशोधकांनी 42 अमेरिकी कुटुंबांच्या नोंदींवरून 1995 मध्ये अंदाज बांधला की पहिल्या काही वर्षांत गरीब आणि सुस्थितीतल्या मुलांच्या कानी पडणाऱ्या शब्दांत 3 कोटींची तफावत असते. नमुना छोटा होता, आजूबाजूच्या माणसांचं बोलणं धरलेलं नव्हतं. तरी पालक शब्द मोजू लागले. 2018 मधल्या एका अभ्यासात मेंदूच्या प्रतिसादाशी नातं दिसलं ते शब्दांच्या राशीचं नव्हे, आळीपाळीने बोलण्याचं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मांडलेल्या आराखड्यात आरोग्य, पोषण, सुरक्षितता आणि शिकण्याच्या संधी यांच्या जोडीला मुलाच्या इशाऱ्याला प्रतिसाद देणं हाही पाचवा आधार ठरला.

विकासात मागे पडणाऱ्या मुलांच्या उपचारांतही हाच बदल झिरपला. पूर्वी घरी येणारा उपचारक खेळण्यांची पिशवी आणायचा, तासभर काम करायचा आणि पिशवी उचलून निघून जायचा. मुलाचा आठवडा त्या एका तासावर तोलला जायचा. आता अनेक उपचारक मुद्दाम रिकाम्या हाताने येतात. वाळलेल्या कपड्यांचा ढीग पडलेला असेल तर तिथेच बसतात, एक मोजा मुलाच्या हातात देतात, जोडीचा दुसरा ढिगात कुठे आहे ते विचारतात आणि मग आईलाच म्हणतात, "पुढचा तुम्ही द्या."